लांब पायांची इमारत

मित्रांनो, शिक्षकांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात असं तुम्हाला वाटतं ना? मग आधी माझी फजिती ऐका.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावाच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. आम्ही त्यांना ‘खदान’ म्हणतो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी खदानीत कामाला असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत मी चौथीच्या वर्गाला प्रदूषणाचा पाठ शिकवत होते. टाचण नीट काढलं होतं, तक्ताही रंगवला होता. “कोळसा जाळला की धूर होतो, हवा तापते, ध्रुवाकडचं बर्फ वितळतं. म्हणून कोळसा वाईट!” असं मी अगदी ठासून सांगितलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. (तिचं नाव सांगत नाही. ती हा अंक वाचते!) तिनं विचारलं, “मॅडम, मग माझे बाबा वाईट काम करतात काय?”

वर्ग एकदम चिडीचूप. तिचे बाबा भूमिगत खाणीत काम करतात. मी एकदा घरभेटीला गेले होते, तेव्हा त्यांचे काळे बूट अंगणात उलटे करून ठेवलेले मी पाहिले होते. डी.एड.ला असताना मुलांचे संभाव्य प्रश्न टाचणात आधीच लिहून ठेवायला आम्हाला शिकवलं होतं. पण हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. मी म्हटलं, “बस खाली. उद्या सांगते.”

तो ‘उद्या’ काही आला नाही. त्या तासाला ती मुलगी नंतर खिडकीबाहेर बघत बसायची. मला ते दिसायचं, आणि मी फळ्याकडं वळायची.

मे महिन्यात सुट्टी लागली. माझा दादा नोकरीनिमित्त नॉर्वे देशात ओस्लोला असतो. त्यानं तिकीट पाठवलं आणि फोनवर म्हणाला, “तुला बर्फ बघायचंय ना? मग चल, पार टोकाला जाऊ!” आमच्याकडं त्या दिवशी पारा ४५ च्या वर होता. मी काय नाही म्हणते!

टोक म्हणजे खरोखरच टोक. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटावर लाँगइयरब्येन हे छोटंसं गाव. नकाशात ७८ अक्षांश शोधा, म्हणजे सापडेल. आपलं चंद्रपूर २० अक्षांशाच्या जवळ आहे. तिथून उत्तर ध्रुव उरतो जेमतेम तेराशे किलोमीटर! वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण त्यात पन्नासहून जास्त देशांची माणसं आहेत. गावात एकही झाड नाही. घरं लाल, पिवळी, हिरवी, आणि सगळी खांबांवर उभी. कारण जमीन खाली कायमची गोठलेली असते. घर थेट जमिनीवर बांधलं तर घराच्या उबेनं ती वितळेल आणि घर खचेल.

गावाच्या वेशीवर पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे. तिच्यापुढं बंदूक असलेल्या वाटाड्याशिवाय जायचं नाही. आपल्याकडं ताडोब्याच्या रस्त्याला वाघाची पाटी असते ना, तसंच. ती पाटी पाहून मला एकदम घरच्यासारखंच वाटलं!

हॉटेलात शिरताना आणखी एक गंमत झाली. दारातच लिहिलं होतं की बूट काढा. आत सगळे पाहुणे, अगदी सुटाबुटातलेही, नुसत्या मोज्यांवर फिरत होते. मी दादाला विचारलं, “काय रे, इथं देवघर आहे का?” तो हसला. म्हणाला, “अगं, हे खाणकामगारांचं गाव. पूर्वी बुटांबरोबर कोळशाची भुकटी घरभर व्हायची, म्हणून बूट बाहेर काढायची रीत पडली. ती अजून पाळतात.”

मला एकदम अंगणातले ते उलटे बूट आठवले. आणि त्या मुलीचा प्रश्नही. इतक्या लांब येऊनसुद्धा तो माझ्या आधीच पोचला होता!

तिथं उन्हाळ्यात जवळजवळ चार महिने सूर्य मावळतच नाही. रात्री अकरा वाजता लख्ख ऊन! मला काही केल्या झोप येईना. शेवटी दादाला उठवलं आणि आम्ही फिरायला निघालो. तेव्हा ती इमारत मला पहिल्यांदा नीट दिसली.

डोंगराच्या उतारावर, गावाच्या वरच्या अंगाला, एक भलीमोठी करडी इमारत उभी होती. जमिनीपासून उंच, लांबलांब लोखंडी पायांवर. अंग कोनाकोनांचं. बाजूंना मोठी तोंडं उघडी, आणि त्या तोंडांतून काही तरी बाहेर येणार असं वाटावं. एखादा अजस्र खेकडा डोंगर उतरता उतरता थबकलाय जणू! आजूबाजूला अर्धवट वितळलेलं बर्फ. चिमणीएवढा पांढरा-काळा स्नो बंटिंग पक्षी तिच्या कठड्यावर बसून गोड आवाजात गात होता. बाकी सगळं शांत.

“हे काय आहे रे?” मी विचारलं.

“टाउबानेसेंट्रालेन,” दादा म्हणाला. जीभ वळली नाही ना? माझीही वळली नाही! टाउबाने म्हणजे रोपवे. रोपवेचं जंक्शन म्हणा हवं तर.

रायगडावर तुम्ही रोपवेच्या पाळण्यात बसला असाल. इथले पाळणे माणसांचे नव्हते, कोळशाचे होते. त्याचं कारण असं. आमच्या भूमिगत खाणींत माणसं खाली उतरतात. इथं ती वर चढायची! कोळशाचे थर डोंगराच्या पोटात, दरीपासून बरेच उंचावर आहेत. त्यामुळं खाणींची तोंडं डोंगराच्या कुशीत, घारीच्या घरट्यासारखी दिसतात. तिथून कोळसा खाली बंदरावर न्यायचा कसा? वर्षातले कितीतरी महिने बर्फ आणि अंधार. म्हणून हवेतूनच वाट काढली. दरीभर उंच लाकडी खांब रोवले आणि त्यांच्यावरून जाड तारा टाकल्या. एक तार भार पेलायची, दुसरी ओढायची. त्यांना लटकून कोळशानं भरलेल्या लोखंडी बादल्या एकामागून एक निघायच्या.

वेगवेगळ्या खाणींकडून येणाऱ्या तारा या इमारतीत एकत्र यायच्या. इथले कामगार भरलेली बादली एका तारेवरून सोडवायचे, आतल्या रुळावरून ढकलत न्यायचे आणि बंदराकडं जाणाऱ्या तारेला अडकवायचे. रिकामी बादली आली की पुन्हा खाणीकडं. आपल्या बल्लारशाहच्या जंक्शनवर गाड्या रूळ बदलतात तसंच, फक्त हवेत! हिवाळ्यात समुद्र गोठायचा, जहाजं यायची नाहीत. तेव्हा बंदरावर कोळशाचे डोंगर साठायचे, आणि उन्हाळ्यात जहाजं ते भरून न्यायची.

ही इमारत १९५७ सालची. पण गावाची गोष्ट त्याहून जुनी आहे. जॉन मन्रो लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसानं १९०६ साली इथं खाणकाम सुरू केलं. गावाला नाव त्याचंच. ‘ब्येन’ म्हणजे गाव. १९१६ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीनं त्या खाणी विकत घेतल्या. पुढं १९२० च्या जानेवारीत पहिल्या खाणीत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला आणि २६ माणसं गेली. १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या. दुसऱ्या खाणीला आग लागली, ती पोटातल्या पोटात कित्येक वर्षं धुमसत होती.

आणि आता त्या दुसऱ्या खाणीच्या एका पडक्या इमारतीत कोण राहतं, माहीत आहे? सांताक्लॉज! म्हणजे तिथली मुलं तसं मानतात, बरं का. नाताळ जवळ आला की अंधारात त्या इमारतीत दिवे लावतात. पायथ्याशी एक मोठी लाल पत्रपेटी आहे, तिच्यात मुलं सांताला पत्रं टाकतात. जिथं आग लागली, जिथं आजोबा-पणजोबा राबले, तिथंच नातवंडांनी सांताला राहायला जागा दिली!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या नंबरची खाण पाहिली. ती १९९६ मध्ये बंद झाली. आता पाहुण्यांना ती दाखवतात. आत थर इतका पातळ की कामगारांना उभंच राहता यायचं नाही. पोटावर झोपून, सरपटत कोळसा काढायचा. डोक्यावर दिवा लावून मी पाच मिनिटं त्या फटीत सरपटले. बाहेर आले तेव्हा कोपरं सोलली होती आणि तोंडचं पाणी पळालं होतं. तिथं माणसं पाळीच्या पाळी काढायची! मला वाटलं, फळ्यापुढं उभं राहून ‘कोळसा वाईट’ म्हणणं किती सोपं आहे!

या खाणीची आणखी एक नवलाई सांगते. ती बारा महिने गोठलेली असते, म्हणून १९८४ मध्ये तिच्यात बियाणं ठेवायला सुरुवात झाली. पुढं २००८ मध्ये जवळच डोंगरात बियाण्यांचं मोठं कोठार खोदलं. जगावर संकट आलं, कुठलं पीक नष्ट झालं, तर बियाणं शिल्लक असावं म्हणून. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेनं तिथं ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याचं बियाणं ठेवलं आहे. म्हणजे आपल्या भाकरीचा आणि वरणाचा विमा तिथं उतरवलाय म्हणा ना!

आणि पुढची गोष्ट ऐका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. जिथं कायम गोठलेलं असणार म्हणून जागा निवडली, तिथं पाणी! बियाणं सुरक्षित राहिलं, बोगदा नंतर पक्का केला. पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. हा भाग जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पट वेगानं तापतो आहे. गोठलेली जमीन सैल होते आहे. घरांच्या खांबांची काळजी लागली आहे. माझ्या तक्त्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं, मुलांनो. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या रात्री (म्हणजे लख्ख उन्हात!) आम्ही पुन्हा त्या इमारतीकडं गेलो. दार बंद होतं. तिच्या सावलीत साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. तिकडं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण आपण त्यांना काकाच म्हणू. दादाला नॉर्वेजियन येतं, त्यानं बोलणं काढलं. ते काका विशीच्या आतच इथं कामाला आले होते आणि शेवटची दोन वर्षं याच इमारतीत बादल्या ढकलत होते. आता ते मुख्य भूमीवर राहतात, पण अधूनमधून इथं येतात.

“रात्रंदिवस खडखडाट असायचा,” ते म्हणाले. “१९८७ मध्ये तो थांबला. ट्रक आले, तारेची गरज संपली. त्या पहिल्या रात्री मला झोपच लागली नाही. इतकं शांत!”

मग मी धीर केला. दादाला म्हटलं, “यांना विचार, माझ्या वर्गातली एक मुलगी असं असं विचारते. काय सांगू तिला?”

दादानं विचारलं. काका आधी हसले. मग गप्प झाले. बराच वेळ कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी खाली गावाकडं बोट केलं. “ती शाळा दिसते? तिच्यातले दिवे आमच्या कोळशावर लागायचे. बाहेर चार महिने अंधार आणि आत मुलं उबेत बसून शिकायची.” मग बोट दरीच्या वरच्या टोकाला, हिमनदीकडं नेलं. “ती मी आलो तेव्हा याहून मोठी होती. तेही त्याच कोळशानं.” थोडं थांबून म्हणाले, “त्या मुलीला दोन्ही सांग. एकच सांगितलंस तर ते अर्धं होईल.”

मित्रांनो, माझी चूक मला तिथं कळली. मी वर्गात अर्धंच सांगितलं होतं.

मग मी त्या गावाकडं नीट बघायला लागले. समुद्राकाठी विजेच्या कारखान्याचं धुराडं उभं होतं, पण त्यातून धूर येत नव्हता. कोळशावरचा तो कारखाना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. म्हणजे प्रश्न सुटला का? छे! तेव्हापासून तिथं डिझेल जाळून वीज करतात. धूर त्याचाही होतोच. दुसरा चांगला मार्ग शोधणं चालू आहे. एक बंद करणं आणि दुसरं उभं करणं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला तिथं दिसलं.

आम्ही गेलो तेव्हा सातव्या नंबरची खाण शेवटचे दिवस मोजत होती. स्वालबार्डमधली ती नॉर्वेची शेवटची खाण. ती बंद करायचं २०२१ मध्येच ठरलं होतं. मधे युरोपात इंधनाची टंचाई आली म्हणून मुदत वाढली, आणि २०२५ च्या जूनमध्ये ती बंद झाली. म्हणजे कामगारांना आधीपासून ठाऊक होतं.

आणि आमची लांब पायांची इमारत? तिच्यातून १९८७ पासून एकही बादली गेलेली नाही. खरं तर कधीच मोडून भंगारात जायची! पण ती मोडली नाही. तिला आणि दरीतल्या त्या लाकडी खांबांना कायद्याचं संरक्षण दिलं आहे. स्वालबार्डवर १९४६ च्या आधीच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, अगदी गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही, असा नियमच आहे. गावाच्या मधोमध एका खाणकामगाराचा पुतळा आहे. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, कामगाराचा! ज्या गावानं कोळसा सोडायचं ठरवलं, त्या गावानं कोळसा काढणाऱ्यांना टाकलं नाही. मला हे फार आवडलं.

निघायच्या दिवशी दादानं माझ्या हातात एक चपटा दगड ठेवला. तो आम्ही वाटाड्याबरोबर हिमनदीच्या काठी गेलो तेव्हा सापडला होता. तिथं असे दगड आणायला परवानगी आहे. दगडावर पानाचा ठसा होता. अगदी पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या शिरा! सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथं घनदाट जंगल होतं, त्याचाच कोळसा झाला. जिथं आज एक झाड नाही, तिथं! (आपल्या चंद्रपूरचा कोळसा तर त्याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही आधीचा.)

शाळा सुरू झाली. माझी चौथी आता पाचवीत गेली होती, पण वर्ग शेजारचाच. मी त्यांच्या बाईंकडून एक तास मागून घेतला. दगड सगळ्यांच्या हातून फिरवला. फोटो दाखवले. मग म्हटलं, “फेब्रुवारीत मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. आज उरलेलं सांगते.” आणि तिसऱ्या रांगेकडं बघून म्हटलं, “तुझे बाबा वाईट काम करत नाहीत. ते अवघड काम करतात. त्यांच्या कोळशावर आपल्या वर्गातला पंखा फिरतो. त्याच्या धुरानं हवा तापते, हेही खरं. तो धूर त्यांच्या एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.”

ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, झालं, परत चुकलं माझं.

आठवड्यानं ती दारात आली. सोबत तिचे बाबा! रात्रपाळी करून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात डोक्यावरचं टोपडं, म्हणजे हेल्मेट. मुलांनी त्यांना नुसतं भंडावून सोडलं. भीती वाटते का? आत फोन लागतो का? उंदीर असतात का? तेही प्रत्येकाला उत्तर देत होते. शेवटी एकानं विचारलं, “काका, आपली खदान बंद झाली तर?”

ते थोडे थांबले. म्हणाले, “बंद तर होणारच. कोळसा काय दरवर्षी उगवतो काय? अन् धुरानं त्रास होतो हे आम्हाला का कळत नाही? सगळ्यात आधी आम्हीच खोकतो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पण मॅडम, बंद करणाऱ्यांनी आधी सांगावं. लेकरांना दुसरं काही शिकायला वेळ मिळाला पाहिजे.”

मी काय बोलणार? तेवढा वेळ मिळवून देणं हेच तर माझं काम आहे.

जाताना त्यांनी तो पानाचा दगड हातात घेतला. अंगठ्यानं शिरांवरून हलकेच हात फिरवला. “आमच्याकडंही निघतात अशी पानं,” म्हणाले. “कधी कधी छताच्या दगडात दिसतात. कुणाला दाखवावं ते कळत नाही.”

“आम्हाला दाखवा ना, बाबा!” तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

मुलांनो, तुमच्या गावातही एखादी बंद पडलेली गिरणी असेल, जुना साखर कारखाना असेल, नाहीतर गंजलेलं धुराडं असेल. जवळ जाऊ नका, पडझड झालेली असते. पण तिथं काम केलेलं माणूस गावात नक्की असेल. त्यांच्याकडं जा आणि विचारा, “तुम्ही तिथं काय करत होता?” आणि ते जे सांगतील ते सगळं ऐका. अर्धं नको.